भूगोल विभाग, साडेतीन ते पावणेपाच

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लागल्या! अकराच्या अकरा डब्या लागल्या. बोटं अजून टेपने चिकट आहेत.

खरं नाव बीकन. पण आमचा शिपाई सटवा पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, या कुंकवाच्या डब्या कावून लावायलेत दारावर?" झालं! तेव्हापासून अख्ख्या कॉलेजात डब्याच. आकार आहेही तेवढाच. आत एक चपटा सेल. डबी दिवसभर ब्लूटूथवरून आपला नंबर सांगत बसते. कॉलेजचा लॅपटॉप जवळ आला की तो नंबर ऐकतो आणि माझ्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर तक्त्यात बघतो, हा नंबर कुठल्या खोलीचा, आणि त्या खोलीचं ठरलेलं काम करून टाकतो. ग्रंथालयात गेलात — लॅपटॉपचा आवाज बंद, पुस्तकांची यादी उघडी. परीक्षा हॉलमध्ये — इंटरनेट बंद, समोर फक्त परीक्षा. स्टाफरूममध्ये तिथला प्रिंटर आपोआप जोडला जातो. आवाराबाहेर नेलात की लॅपटॉपला कुलूप. अशा कामाच्या सात खोल्या. उरलेल्या चार खोल्यांत काहीच घडत नाही, नुसती नोंद होते: कोणाचा लॅपटॉप, किती ते किती.

तक्ता माझा! पुण्याच्या कंपनीची पोरं दोन दिवस राहून गेली, पण कुठली डबी कुठल्या दाराला, हे मी ठरवलं. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अंगदराव, गेवराईत असलं कुठंच न्हाई!" सतरा वर्षं संगणक विभाग सांभाळतोय. नावापुढे राव आज लागलं.

घरी वैष्णवीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. शेवटी म्हणाली, "चांगलं हाय की." एवढंच. ती आमच्याच कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, तिचा जीव पानांत आणि देठांत. तरी एखादा प्रश्न विचारायला हरकत नव्हती.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन, भाषणं, मग गाणी. भूगोलाला नवीन आलेला रुद्रेश गायला. तासिकेवरचा माणूस — म्हणजे घेतील तेवढ्या तासांचा, कायम नाही. पण आवाज आहे त्याला. नाही कशाला म्हणू?

टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. वैष्णवीने जरा जास्त वेळ. मी मोजत नव्हतो. शेजारच्या बायका थांबल्या आणि ती थांबली नव्हती, एवढं दिसलं.

उंच आहे. केस दाट. बीडला वडिलांचं, शिवलिंगप्पांचं, कापडाचं दुकान आहे म्हणे. म्हणून शर्ट रोज कोरा. आपल्याला काय करायचंय!

१८ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची तपासणी फेब्रुवारीत. त्या समितीची प्रमुख वैष्णवी. आज तिने समितीत रुद्रेशला घेतलं. तासिकेवरच्या माणसाला कोण घेतं समितीत?

२० सप्टेंबर, शनिवार

वनस्पती आणि भूगोल, दोन्ही विभागांची एकत्र सहल कपिलधारला. यंदा पावसाने झोडपून काढलंय, धबधबा नुसता कोसळत असणार. मी म्हणालो, येऊ का? ती हसली. "संगणकाचं काय काम हाय तिथं?"

सहाला आली. ओढणी ओली, पिशवीभर पानं, तोंडावर तेज. जेवायला बसल्यावर सुरू: रुद्रेश सरांना खडकातलं नेचं दिसलं, मला दिसलंच नव्हतं. रुद्रेश सर म्हणाले हा खडक अमुक वर्षांचा. रुद्रेश सरांनी पोरांना तिथल्या देवळात दर्शनाच्या रांगेत असं उभं केलं. पाच वेळा! सहाव्यांदा 'रुद्रेश स—' एवढं झालं तेव्हा मी वरण मागितलं. तिने वरण वाढता वाढता वाक्य पूर्ण केलं.

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझ्या एखाद्या सर्व्हरबद्दल ही बाई अशी कधी बोलली नाही.

पानं वाळवून, कागदावर चिकटवून तिच्या नमुना खोलीत लावणार आहे. शंभर एक नमुने. लाव बाई.

२४ सप्टेंबर, बुधवार

नोंदी नीट येतात का बघायला एक लॅपटॉप निवडला. चाचणी म्हणून. साठ लॅपटॉप आहेत, कोणाचा तरी घ्यावाच लागणार होता. तिचा घेतला.

वर्ग. स्टाफरूम. नमुना खोली. पुन्हा वर्ग. सगळं तिने घरी सांगितलं तसंच. जीव भांड्यात पडला — म्हणजे यंत्रणा नीट चालते म्हणून.

रुद्रेशचं काही बघता येत नाही. तासिकेवरच्यांना कॉलेजचा लॅपटॉप मिळत नाही. हा नियम मीच लिहून घेतला होता. आता पस्तावतोय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा चाचणी.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दरवर्षीप्रमाणे कॉलेजातली सगळी यंत्रं पुजायची. प्रयोगशाळेतल्या तराजूपासून टायपिंगच्या जुन्या मशीनपर्यंत. सर्व्हरला मी स्वतः हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात सटवा दारात. "साहेब, डब्यांचं काय? त्या बी यंत्रच हायत ना! सगळ्याला कुंकू अन् त्यांना न्हाई, बरं दिसतंय का?"

बरोबर होतं त्याचं. अकराही डब्या काढून तांब्याच्या ताटात मांडल्या. नारळ फोडला. छान दिसत होत्या, खरंच कुंकवाच्या डब्यांसारख्या. प्राचार्यांनी फोटो काढला.

मग परत लावायच्या. प्रत्येकीच्या पाठीवर मी पेनाने खोलीचं नाव लिहिलं होतं, म्हणून काळजी नव्हती. ताट घेऊन निघालो तर पोर्चमध्ये रांगोळी चाललेली. वैष्णवी रेषा ओढतेय आणि रुद्रेश रंगाची वाटी धरून वाकलेला! दोघांची डोकी एकमेकांपासून वीतभर लांब असतील. त्याने काहीतरी म्हटलं आणि तिने हसता हसता मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. हात रंगाने भरलेले होते म्हणून मनगटाने. हे इतकं बारीक मला का दिसावं?

तळपायाची आग मस्तकात गेली. ताट सटवाच्या हातात दिलं, म्हणालो, लाव जाऊन, नावं आहेत मागे. आणि मी घरी निघून आलो. नैवेद्याला उशीर होतोय असं सांगून.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज माझी पार शोभा झाली!

सकाळी अकराला प्राचार्यांच्या खोलीत विद्यापीठाचे दोन पाहुणे बसलेले. प्राचार्यांनी लॅपटॉप उघडला — 'परीक्षा सुरू आहे. कृपया शांत राहा.' काही केल्या जाईना. ग्रंथालयात कोणाचा तरी लॅपटॉप उगाच प्रिंटर शोधतोय. परीक्षा हॉलमध्ये पोरं मजेत सिनेमे बघतायत.

सटवाला बोलावलं. "नावं बघून लावल्यास ना बाबा?"

"नावं?" तो म्हणाला. "साहेब, ते तर पुसलं की मी. पूजेचं कुंकू लागून लई घाण झाल्या होत्या. ओल्या फडक्यानं लख्ख केल्या सगळ्या. अन् एकसारख्याच तर हायत, कुठली बी कुठं लावली तर काय होतंय?"

त्याने भक्तीने केलं. दुपारपर्यंत जिथून जिथून ओरड आली तिथे तिथे धावलो. परीक्षेचे दोन हॉल, प्राचार्य, ग्रंथालय, स्टाफरूम, कार्यालय, लॅब. सात डब्या जागेवर आल्या. उरल्या चार, नुसत्या नोंदीच्या. तिथून तक्रार नाही, म्हणजे बरोबर असतील. पाय दुखत होते. चहा घेतला.

६ ऑक्टोबर, सोमवार

वैष्णवीचा लॅपटॉप. भूगोल विभाग. साडेतीन ते पावणेपाच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

भूगोल विभाग. तीन पस्तीस ते चार चाळीस.

भूगोल विभाग म्हणजे जुन्या इमारतीच्या माडीवरची एकच खोली. दोन कपाटं, नकाशे, पृथ्वीचा गोल आणि रुद्रेश. तिथे दुसरं कोणी नसतं. विभागच एका माणसाचा आहे!

संध्याकाळी सहज विचारलं, आज काय केलं दुपारी? "नमुने लावत होते," ती म्हणाली. इतक्या सहज! भाजी निवडता निवडता. डोळ्याची पापणी हलली नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

भूगोल विभाग. पाऊण तास. आज कमी. भांडले असतील? भांडू दे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. चार वाजता जिना चढून माडीवर गेलो. दार लोटलेलं. आतून त्याचा आवाज, आणि मग एका बाईचं हसणं. कडीला हात लागला होता. मागे घेतला. आत जाऊन म्हणणार काय? डबी तपासायला आलो? आणि तिने परक्यासारखं बघितलं असतं तर? चोरासारखा जिना उतरलो. खाली सटवा भेटला, "साहेब, तब्येत बरी हाय ना?" म्हणाला.

काय आहे त्याच्यात? नकाशे वाचतो. मीही काही वाईट दिसत नव्हतो. लग्नाच्या अल्बमात बघावं कोणीही. बोलायला मला जमत नाही हे खरं आहे. मशीन बिघडलं तर मी रात्रंदिवस बसेन, पण 'आज तू छान दिसतेस' हे चार शब्द माझ्या घशातून वर येत नाहीत. त्याला येत असतील. त्याला दिवसातून दहादा येत असतील!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

घोटाळा झाला. जेवताना तोंडातून निघून गेलं, "काल पावणेपाचपर्यंत काय एवढं काम होतं?"

तिचा घास हातात राहिला. "तुमाला कोणी सांगितलं पावणेपाच?"

"सहज म्हणालो."

"पाच न्हाई म्हणालात, साडेचार न्हाई म्हणालात. पावणेपाच." घास ताटात परत ठेवत म्हणाली, "कावून विचारता, ते तरी सांगा."

मी ठेचा वाढून घेतला. तोंड पोळलं. ती उठली, ताट तसंच ठेवून.

चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? प्रश्न मी विचारायचा आणि गुन्हेगारही मीच व्हायचं, हे कुठलं!

११ ऑक्टोबर, शनिवार

बोलणं बंद. कामापुरतं, "गॅस संपत आलाय," "मोटर लावा."

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. सायली लातूरहून आलीय — बारावी, तिथेच शिकवणी, तिथेच वसतिगृह. पोर आली की घर बोलकं होतं. वैष्णवीने मला ओवाळलं. निरांजन तोंडासमोर तीनदा फिरलं आणि तिची नजर पूर्ण वेळ निरांजनावर. मी जांभळी साडी आणली होती. "रंग चांगला हाय," म्हणाली. मागे एकदा तिने घरी बडबड केली होती की रुद्रेश सर म्हणतात कपिलधारची रानफुलं जांभळी असतात. दुकानात जांभळीच का उचलली मी? माझं मलाच कळत नाही.

सायली मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आई इतकी गप्प कावून हाय?" म्हणालो, नॅकचं टेन्शन.

उद्या भाऊबीज. वैष्णवीच्या भावाकडे, विजयसिंहांकडे, दोघी आष्टीला जातील. मी येत नाही म्हणालो, सर्व्हरचं काम आहे. त्यावर कोणी आग्रह केला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्ट्या संपल्या. कॉलेज सुरू. आणि लगेच — भूगोल विभाग, साडेतीन ते पावणेपाच! मिनिटाचा फरक नाही. सुट्टीतला सगळा विरह भरून काढायचा असेल.

दुपारी साडेतीन वाजले की माझं कशात लक्ष लागत नाही. पडद्यावर तिच्या नावापुढे 'भूगोल' उमटतं. मग पावणेपाचपर्यंत तिथेच बघत बसतो. पोरं शंका घेऊन येतात, 'नंतर' म्हणतो. हे यंत्र मी आणलं. मला वाटलं होतं याने माझी किंमत वाढेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साडेतीन ते पावणेपाच. तीन दिवस सलग, घड्याळ लावल्यासारखं. आता तर लपवायचीही गरज वाटत नाही तिला.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुंदररावांकडे गेलो होतो. कोणाचं नाव वाईट अर्थाने घेतलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. एवढंच म्हणालो की नॅकच्या फायली गोपनीय असतात, तासिकेवरचा माणूस आज आहे, उद्या दुसऱ्या कॉलेजात. ते म्हणाले, "तुमच्या मंडळींचीच समिती हाय ती. त्यांना विचारलं का?"

म्हणालो, घरचं आणि कॉलेजचं मी वेगळं ठेवतो.

"बघू," म्हणाले. चहा मागवला. चहा गोड होता, मला कडू लागला.

१० नोव्हेंबर, सोमवार

रुद्रेशला समितीतून काढलं. तोंडी निरोप, कारण नाही.

वैष्णवी घरी आली ती पर्स न ठेवताच बोलली. महिन्यात पहिल्यांदा सलग चार वाक्यं: "सगळे नकाशे त्यांनी केले होते. रविवारी येऊन, फुकट. आज त्या माणसानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मला आतून बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. पण बरं जास्त वाटत होतं. खोटं कशाला लिहू? ही वही कोण वाचणार आहे!

तरीही आज साडेतीन ते पावणेपाच — भूगोल. सांत्वन चाललं असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रुद्रेश रजेवर. वडील दुकानातल्या शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, बीडच्या दवाखान्यात आहेत. आठवडाभर येणार नाही. शत्रूच्या बापावरही अशी वेळ येऊ नये. पण आज किती दिवसांनी मी दुपारी नीट जेवलो!

साडेतीनला बघितलं. भूगोल विभाग!

तो नाही, तरी ही तिथे! रिकाम्या खोलीत! त्याच्या खुर्चीत बसत असेल. पृथ्वीचा गोल फिरवत असेल. इतकं? जिवंत माणसाशी भांडता येतं, रिकाम्या खुर्चीशी मी काय भांडू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजही. पूर्ण सव्वा तास.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर बघा कसं आलंय.

चार वाजता उठलोच. ठरवलं, आज दार उघडायचं, काय व्हायचं ते होऊ दे. माझा लॅपटॉप काखेत तसाच. माडीवर गेलो. भूगोलाच्या दाराला कुलूप! हे एवढं. वर धूळ.

सटवाला हाक मारली. "ते तर बुधवारपासून बंद हाय साहेब. किल्ली माझ्यापाशीच. कोणी फिरकलंबी न्हाई."

पडद्यावर वैष्णवीचा लॅपटॉप अजून 'भूगोल विभाग'. माझ्या डोळ्यांसमोर कुलूप. मी तिथेच पायरीवर बसलो. आणि मग — माझ्याच लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघितलं. मी भूगोलाच्या दाराशी बसलोय आणि लॅपटॉप म्हणतो 'वनस्पती नमुना खोली'!

डबी! डबी बदलली! खंडेनवमीला नमुना खोलीची इकडे लागली आणि इकडची नमुना खोलीवर. ज्या चार खोल्यांतून ओरड आली नाही त्या मी तपासल्याच नाहीत. महिनाभर ती तिच्याच खोलीत होती. तिच्या पानांत! 'नमुने लावत होते' — खरं सांगत होती!

आणि नऊ तारखेचं ते हसणं? असेल एखादी विद्यार्थिनी. असेल कोणीही!

सटवा म्हणाला, "साहेब, रडायलात का?" म्हणालो, धूळ आहे.

दोन्ही डब्या काढून अदलाबदल केली. नमुना खोलीच्या दारावरची डबी काढताना दाराला बाहेरून कुलूप होतं. खाली गेली असेल चहाला, म्हटलं. बरंच झालं, समोर आली असती तर काय बोललो असतो?

१५ नोव्हेंबर, शनिवार

येताना तिच्या आवडीच्या बालुशाह्या आणल्या. सगळं सांगून टाकलं. डब्या, सटवाचं ओलं फडकं, कुलूप, सगळं गंमत करून. रुद्रेशच्या समितीचं तेवढं सांगितलं नाही. ते सुंदररावांना भेटून परत लावून देता येईल, पण जरा थांबून. लगेच गेलो तर विचारतील.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालणं थांबवलं नाही.

"म्हणजे रोज बघत होतात."

"चाचणी म्हणून सुरू केलं होतं ग."

"कवापासून?"

"सप्टेंबर. पण सांगतोय ना, तू तुझ्याच खोलीत होतीस! सगळा माझाच घोळ."

"मग आता समाधान झालं तुमचं?"

"पूर्ण!" मी म्हणालो. आणि घशातून काढलंच एकदाचं: "ती जांभळी साडी तुला छान दिसेल."

"बरं," म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. मोठ्या मनाची आहे. एक बालुशाही तिने खाल्लीही. आज कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घर आवरत होती. मी पंख्याची पाती पुसली. तिने न सांगता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साडेदहाला वैष्णवी माझ्या टेबलाशी आली. लॅपटॉप, चार्जर, बॅग मांडली आणि ना-देय प्रमाणपत्र पुढे सरकवलं. संस्थेच्या आष्टीच्या कॉलेजात बदली, स्वतःच्या विनंतीवरून. अर्जाची तारीख ११ ऑक्टोबर. उद्या रुजू व्हायचंय.

मी म्हणालो, "पण परवाच सांगितलं ना तुला, सगळं मिटलं. तू तर नमुना खोलीतच होतीस."

ती हळूच बोलली, बाहेर पोरं होती म्हणून. "पावणेपाच म्हणालात तवाच समजलं मला. दिवाळीनंतर तिथं नुसता लॅपटॉपच होता. तो चालू ठेवायचे, बाहेरून कुलूप लावायचे अन् एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. कुठं जायचं नसायचं. तिथं माझी नोंद कोणी ठेवत नव्हतं, म्हणून."

संगणक विभागाच्या रकान्यात सही केली. शिक्का सापडेना. तिनेच माझ्या कागदांखालून काढून दिला.